आखाजीपर्यंत थांबू नकोस

वाचकाचं पत्र:

ताई, मी २८ वर्षांची. सासर आणि नोकरी पुण्यात, माहेर चोपडा तालुक्यात. दीड महिन्यापूर्वी पुण्यात हनुवटीत सिलिकॉनचं इम्प्लांट बसवून घेतलं. माझी हनुवटी पहिल्यापासून मागे होती, कोणी फोटो काढायला लागलं की मी मान खाली घालायचे. जखम खालच्या ओठाच्या आतून आहे. नवऱ्याला माहीत आहे. सासरी-माहेरी मात्र अक्कलदाढ काढली असं सांगितलंय. तीन आठवड्यांत सूज उतरली, सगळं छान होतं. आता आखाजीसाठी, म्हणजे अक्षय्य तृतीयेसाठी, माहेरी आलेय आणि आठवडाभरापासून डाव्या बाजूला पुन्हा सूज आहे. रात्री ठणकतं, तोंडात खारट-घाण चव येते, संध्याकाळी अंग कणकणतं. गावातल्या डॉक्टरांनी दाढेचं इन्फेक्शन समजून तीन दिवसांच्या गोळ्या आणि सूज उतरायचं इंजेक्शन दिलं. तेवढ्यापुरतं बरं वाटलं, मग पुन्हा तेच. पुण्याच्या क्लिनिकला व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला, तर तिथल्या मॅडम म्हणाल्या, सूज तीन महिने राहू शकते, काळजी करू नका. आजी म्हणते, ‘हयद लाव, उतरी जाई.’ आखाजी आठ दिवसांवर आलीय, बहिणी येणार आहेत. तोवर थांबलं तर चालेल का? इम्प्लांट काढावं लागेल का? देवानं दिलेल्या चेहऱ्याला हात लावला म्हणून हे भोगतेय, असं सारखं मनात येतं.

— चोपडा तालुक्यातली एक वाचक

उत्तर:

तुझं पत्र वाचल्या वाचल्या ‘थांबू नकोस, लगेच दाखव’ एवढं मी ईमेलवर कळवलं होतंच. कारणं इथे सविस्तर लिहितेय, कारण अशी पत्रं आता जळगाव-धुळ्याकडूनही येऊ लागली आहेत आणि बहुतेकींची अडचण तुझ्यासारखीच आहे. ऑपरेशन घरी सांगितलेलं नसतं, म्हणून त्रासही सांगता येत नाही, आणि त्यात दिवस जातात.

मी तुला तपासलेलं नाही, त्यामुळे हे इन्फेक्शनच आहे असं छातीठोकपणे सांगणार नाही. पण तू लिहिलेलं वाचून कोणताही सर्जन आधी इन्फेक्शनचाच विचार करेल. हनुवटीच्या ऑपरेशननंतरची सूज पहिले दोन-तीन दिवस वाढते आणि मग उतरत जाते. शेवटची थोडीशी सूज जायला दोन-तीन महिने लागतात, हे खरं आहे, म्हणजे क्लिनिकमधल्या मॅडम खोटं बोलल्या नाहीत. पण ती सूज उतरणीला लागलेली असते. रोज नाही तरी आठवड्याला फरक दिसतो. खालच्या ओठाला, हनुवटीला थोडा बधिरपणा काही आठवडे राहू शकतो, तोही चालतो. तुझी सूज उतरली होती आणि नंतर पुन्हा चढली, तीही एकाच बाजूला, ठणका आणि कणकणीसकट. तोंडातली खारट-घाण चव तर मला सगळ्यात जास्त खटकते. आतल्या जखमेतून पू झिरपत असला की काही वेळा डोळ्यांना काही दिसण्याआधी चवच कळते.

दवाखान्यात जाईपर्यंत घरी एक-दोन गोष्टी पाहून ठेव, म्हणजे तिथे नेमकं सांगता येईल. सकाळी उठल्यावर, चुलीजवळ किंवा उन्हात जायच्या आधी, हाताची मागची बाजू आधी उजव्या जबड्याला लाव, मग डाव्या. डावी बाजू जास्त गरम लागते का ते बघ. या दिवसांत आपल्याकडे सगळंच अंग तापलेलं असतं, म्हणून दोन्ही बाजूंची तुलना महत्त्वाची. नंतर स्वच्छ हातांनी आरशासमोर खालचा ओठ अलगद पुढे घे आणि मोबाईलची बॅटरी लावून हिरडी आणि ओठ यांच्यामधली जखमेची रेघ बघ. ती फिकट गुलाबी आणि बंद असायला हवी. कुठे फट दिसतेय का, पिवळट ठिपका आहे का, बाहेरून हनुवटी हलकी दाबल्याबरोबर तिथे थेंब येतो का? आतून पांढरं, गुळगुळीत काही डोकावत असेल तर ते इम्प्लांट असू शकतं. मग तासही घालवायचा नाही. बघून झालं की पुन्हा पुन्हा दाबायचं नाही, सुई-टाचणी तर मुळीच लावायची नाही.

ताप थर्मामीटरने मोज. उन्हातून आल्या आल्या नको. सावलीत अर्धा तास बसून, आणि पॅरासिटामॉल घेण्याच्या आधी. १००.४ फॅरनहाइट किंवा वर असेल तर तो ताप, उन्हाची तलखी नाही. पण एक ध्यानात ठेव: इन्फेक्शन आहे आणि ताप नाही, असंही होतं. थर्मामीटरवर काही आलं नाही म्हणून बेत रद्द करू नकोस.

आता अक्कलदाढेबद्दल, कारण मला सगळ्यात जास्त काळजी त्याचीच वाटली. घरच्यांना काय सांगायचं तो तुझा अधिकार आहे. पण गावातल्या डॉक्टरांनाही तीच गोष्ट सांगितल्यामुळे त्यांनी दाढेचा इलाज केला. त्यांचं काही चुकलं नाही. हनुवटीच्या हाडावर सिलिकॉनचा तुकडा बसलाय हे त्यांना माहीत असतं, तर तीन दिवसांच्या गोळ्या देऊन त्यांनी तुला घरी पाठवलं नसतं. ‘सूज उतरायचं इंजेक्शन’ म्हणून आपल्याकडे पुष्कळदा स्टेरॉइड देतात. तू घेतलेलं तेच असेल, तर दोन दिवस सूज, ठणका आणि ताप दबले असतील आणि आतला आजार तसाच चालू राहिला असेल. म्हणून यापुढे जो कोणी तुला हात लावेल, डॉक्टर असो, नर्स असो की एक्स-रेवाला, त्याला पहिलं वाक्य हेच सांग: ‘माझ्या हनुवटीत सिलिकॉनचं इम्प्लांट आहे, दीड महिन्यापूर्वी तोंडातून बसवलंय, आणि आता सूज परत आलीय.’ गोळ्यांची रिकामी पाकिटं आणि त्या इंजेक्शनची चिठ्ठीही सोबत घे.

आत बाहेरची वस्तू असली की एवढं काय बिघडतं, हे समजून घेतलंस तर पुढचे निर्णय सोपे जातील. आपल्या मांसात जंतू शिरले तर रक्तातून पांढऱ्या पेशी आणि औषध दोन्ही तिथे पोचतात. सिलिकॉनमध्ये रक्त नाही. जंतू त्याच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती चिकट थर तयार करतात. रांजणात आतल्या बाजूला बुळबुळीत शेवाळ धरलं की वरून कितीही पाणी ओता, ते निघत नाही. तसंच इथे होतं. गोळ्यांनी आजूबाजूचे जंतू मरतात, सूज उतरते, रुग्णाला वाटतं सुटलो. गोळ्या थांबल्या की थरातले जंतू पुन्हा बाहेर पडतात. तुझ्या पत्रातलं ‘तेवढ्यापुरतं बरं वाटलं, मग पुन्हा तेच’ हे वाचून माझ्या मनात हेच आलं. म्हणून मेडिकलमधून पूर्वीचीच गोळी पुन्हा आणू नकोस, आणि त्याहून ‘हेवी’ गोळी तर मुळीच मागू नकोस. अर्धवट कोर्सवर अर्धवट कोर्स झाले की जंतू औषधाला सरावतात, आणि पुवाच्या तपासणीत नेमका जंतू सापडणंही अवघड होतं.

कोणाकडे जायचं? ज्यांनी ऑपरेशन केलं त्या सर्जनचा हक्क आणि जबाबदारी दोन्ही पहिली. आज फोन कर, व्हॉट्सॲप नको, आणि मॅडमनी फोन घेतला तर थेट सर्जनशी बोलायचंय असं सांग. ‘उतरलेली सूज एका बाजूला परत आलीय, तोंडात पुवासारखी चव आहे, संध्याकाळी कणकण आहे, एक कोर्स आणि एक इंजेक्शन झालंय’ एवढं एका दमात सांगितलंस तर कोणताही जबाबदार सर्जन तुला लगेच बोलावेल, नाहीतर जवळच्या कुणाकडे तरी पाठवेल. फोटो बघून इन्फेक्शन ठरवता येत नाही. बोटांनी दाबून बघावं लागतं. संध्याकाळपर्यंत बोलणं झालं नाही, किंवा ‘बघू दोन-चार दिवस’ असं उत्तर आलं, तर उद्या सकाळी जळगाव गाठ. तोंड-जबड्याचे सर्जन, म्हणजे मॅक्सिलोफेशियल सर्जन, किंवा प्लास्टिक सर्जन. ते नाहीच मिळाले तर कान-नाक-घसा तज्ज्ञ. खासगीत जमत नसेल तर जळगावचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, धुळ्याला श्री भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. आधी पुण्याच्याच डॉक्टरला दाखवायचं म्हणून इथे दाखवायचं टाळू नकोस. इथे पू काढला, तपासणी झाली, म्हणून पुण्याच्या सर्जनचं काही अडत नाही, उलट हातात रिपोर्ट येतो.

तिथे काय होईल, म्हणजे तू घाबरणार नाहीस. तपासतील, मग बहुधा सोनोग्राफी करतील, इम्प्लांटभोवती पाणी किंवा पू साचलाय का ते पाहायला. गरज वाटली तर सीटी स्कॅन. खालच्या दातांचा मोठा एक्स-रेही काढतील, कारण पुढच्या खालच्या दातांच्या मुळाशी पू झाला तरी हनुवटी अशीच सुजते, आणि ते असेल तर दाताचाच इलाज करावा लागतो. रक्ताच्या तपासणीत साखरही बघतील. तुझ्या वयात मधुमेह नसेल असं धरून चालायचं नाही. पाळीची तारीख विचारतील. लाजू नकोस, दिवस राहिले असण्याची शक्यता असेल तर स्पष्ट सांग, काही अँटिबायोटिक आणि सीटी स्कॅन त्यावर ठरतात. पू सापडला तर तो कल्चरला, म्हणजे नेमका जंतू कोणता आणि त्यावर कोणतं औषध चालेल हे पाहायच्या तपासणीला, जाईल. शक्यतो नवीन अँटिबायोटिक सुरू करण्याआधी नमुना घ्या, अशी विनंती तू स्वतःही करू शकतेस. रिपोर्टला साधारण दोन-तीन दिवस लागतात. तुझी तब्येत बघून डॉक्टरांना आधीच औषध सुरू करावंसं वाटलं, तर मात्र अडवू नकोस.

इम्प्लांट काढावं लागेल का? नुसती लाली आणि थोडी सूज असेल, आत पू नसेल, तर काही वेळा योग्य औषधावर आणि दोन दिवसांनी पुन्हा तपासून इम्प्लांट वाचतं. पू साचला असेल, जखम उघडली असेल किंवा इम्प्लांट दिसत असेल, तर नुसत्या गोळ्यांवर ते वाचण्याची आशा फार कमी. काही सर्जन आधी आतली पोकळी धुऊन पाहतात. पण बऱ्याचदा शेवट काढण्यातच होतो, आणि तो लवकर झालेला बरा. सिलिकॉन गुळगुळीत असतं, शरीर त्याच्याभोवती पातळ पिशवी तयार करतं, त्यामुळे त्याच जखमेतून ते सहसा सहज बाहेर येतं. सच्छिद्र पॉलिइथिलीनचं, म्हणजे बारीक छिद्रं असलेल्या प्लास्टिकचं, असेल तर त्यात मांस वाढलेलं असतं, ते काढणं जास्त जिकिरीचं. म्हणून तुझं नक्की कशाचं आहे हे कागदावर बघ. काढल्यावर सूज आणि ठणका भराभर उतरतात. हनुवटी पहिल्यासारखी मागे दिसेल, आणि ताणलेली कातडी थोडी सैलही वाटू शकते, हे लपवत नाही. पण आतलं सगळं नीट भरून आलं की, साधारण तीन ते सहा महिन्यांनी, पुन्हा इम्प्लांट बसवता येतं. ते पुन्हा हवंय की नकोय, हे तेव्हा शांतपणे ठरव. आज ते वाचवायच्या नादात दिवस घालवलेस, तर पू हाडापर्यंत आणि गळ्याच्या बाजूला पसरू शकतो, आणि मग गोष्ट एका तुकड्याची राहत नाही.

यातलं काहीही झालं तर पुण्याच्या ट्रॅव्हल्समध्ये बसायचं नाही, सर्जनच्या फोनची वाट पाहायची नाही, १०८ ला फोन करून जवळच्या मोठ्या दवाखान्यात जायचं: जिभेखाली फुगल्यासारखं वाटणं, थुंकी गिळता न येणं, तोंड पुरतं न उघडणं, आवाज बदलणं, श्वास घ्यायला जोर लागणं, सूज गळ्याकडे उतरणं, थंडी वाजून १०१-१०२ ताप येणं. खालच्या जबड्यातला पू जिभेखाली पसरला की श्वासाची वाट काही तासांत अरुंद होऊ शकते. नवऱ्याला ही यादी आत्ताच पाठवून ठेव. नाक किंवा गालाचं इम्प्लांट असलेल्या वाचकांसाठी एवढंच: नाकाचा शेंडा लाल, चकचकीत आणि पातळ दिसू लागला, किंवा डोळ्याभोवती सूज येऊन बघायला त्रास होऊ लागला, तर त्यांनाही हाच नियम.

आजीला म्हणावं, हळद वरून लावून आत पोचत नाही, ती माया मात्र पोचली. लेप नको, कारण डॉक्टरांना कातडीचा रंग दिसायला हवा. गरम मिठाची पुरचुंडी किंवा गरम पाण्याची पिशवीही नको; हनुवटी अजून थोडी बधिर असेल तर चटका बसलेला तुला कळणारही नाही. मालिश नको. खाणं झालं की प्रत्येक वेळी कोमट मिठाच्या पाण्याने अलगद चूळ भर, जोरात खळखळून नको. दात घासायचे, पण मऊ ब्रशने, पुढची जखम सांभाळून. ठेचा, शेवभाजी, कडक भाकरीचे कोपरे थोडे दिवस लांब ठेव. मऊ खिचडी चालेल. घरात कोणी तंबाखू-मिश्री लावत असेल आणि तुलाही सवय असेल, तर आजपासून बंद. जखम भरायला तिच्याइतकं वाईट दुसरं काही नाही.

कागद. डिस्चार्ज कार्ड, ऑपरेशनची नोंद, आणि इम्प्लांटच्या डब्यावरचा स्टिकर ज्यावर कंपनी, माप आणि लॉट नंबर असतो. हे तुझ्याकडे नसेल तर क्लिनिकला लेखी माग. रुग्णाने मागितल्यावर ७२ तासांच्या आत कागदपत्रं द्यायची, असं वैद्यकीय परिषदेच्या २००२ च्या नियमांत आहे. भांडायला म्हणून मागू नकोस. पुढच्या डॉक्टरांना आत काय आहे ते कळावं म्हणून माग. खर्चाचंही त्याच फोनवर विचार, काही क्लिनिकच्या पॅकेजमध्ये अशा दुरुस्तीचा खर्च धरलेला असतो. मेडिक्लेमवर फार विसंबू नकोस, सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया त्यातून सहसा वगळलेलीच असते.

आता घरच्यांचं. आईला सगळं सांगायलाच हवं, असं मी म्हणणार नाही. पण जळगावला एकटी जाऊ नकोस. नवऱ्याला बोलावून घे. तो येईपर्यंत वहिनी किंवा बहिणीपैकी जिच्या पोटात गोष्ट राहते अशा एकीला खरं सांग. बाकीच्यांना ‘तोंडातल्या जखमेत पू झालाय, मोठ्या डॉक्टरला दाखवायचंय’ एवढं पुरे, आणि ते खोटंही नाही. गावात कंपाउंडर ओळखीचा, मेडिकलवाला नात्यातला, ही भीती मला कळते. म्हणूनच जळगावला जा म्हणतेय. तिथे केबिनमध्ये गेल्यावर ‘दार लोटून घ्या’ असं सांगायला कचरू नकोस. रुग्णाची गोष्ट गुप्त ठेवणं हे डॉक्टरांवर बंधनकारक आहे.

आणि देवानं दिलेल्या चेहऱ्याबद्दल. हरभऱ्याच्या पिठाचा लेप, दात सरळ करायची तार, मोतीबिंदूचं भिंग, सगळंच आपण देवानं दिलेल्याला हात लावून करतो. तोंडात कोट्यवधी जंतू असतात, आणि तोंडातून केलेल्या कोणत्याही ऑपरेशनमध्ये त्यातले काही आत शिरण्याची शक्यता असते. सगळी काळजी घेऊनही थोड्या जणांना ते होतं. तू फोटोत मान वर करून बघावं म्हणून ऑपरेशन केलंस, यात शिक्षा व्हावी असं काही नाही. ही बोच मनात धरून तू दवाखान्यात उशिरा गेलीस, तर तिचा फायदा फक्त जंतूंना होईल.

आखाजीला झोके असतील, गौराईची गाणी असतील, खापरावरचे मांडे आणि आमरस असेल. आठ दिवस थांबून, त्या दिवशी ताप घेऊन चुलीपुढे बसण्यापेक्षा उद्या पू निघाला तर आखाजीला तू बहिणींमध्ये बसून आमरस तरी पिशील. सुजलेल्या तोंडाचं काय सांगायचं, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारलाच तर दवाखान्याची चिठ्ठी हातात असेल.

उद्या निघण्याआधी जळगावच्या दवाखान्यात फोन करून विचार की पू काढायची वेळ आली तर त्याच दिवशी करतील का, आणि किती वाजल्यापासून खायचं नाही. भूल द्यायची असेल तर साधारणपणे सहा तास पोट रिकामं लागतं, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. विचारल्याशिवाय उपाशी निघू नकोस, दुपारचं ऊन आहे. पहाटेची गाडी पकड, डोक्याला ओढणी घे, पाण्याची बाटली आणि कागदांची पिशवी जवळ ठेव. कल्चरचा रिपोर्ट हातात आला की त्यावर जंतूचं जे नाव लिहिलं असेल ते मला कळव.